मॅडमले विचारा

नवीन ओळखपत्रं आली तो दिवस शाळेत सणासारखा गेला. तिरोड्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये बसलेल्या त्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा. तिथल्या पोरांच्या गळ्यात असं काही आजवर पडलंच नव्हतं. एका दानशूर मंडळानं निळ्या फितीची, चकचकीत, फोटोवाली कार्डं करून दिली आणि पोरांनी ती काढायचं नावच सोडलं. कार्ड घालून पोरं गावतळ्यात, बोडीवर पोहायला गेली, बाजारात गेली, लग्नाच्या पंगतीत बसली. एकीची आई सांगत आली की पोरगी कार्डासकट झोपते, फीत गळ्याला आवळेल म्हणून भीती वाटते.

अल्का शहारे चौथीच्या वर्गाची शिक्षिका. तिनं एक कार्ड हातात घेतलं, मागून पुढून वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. फोटो, पोराचं नाव, बापाचं नाव, शाळा, गाव, वॉर्ड, घरचा मोबाइल नंबर, रक्तगट. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही पोराला न विचारता त्याच्याबद्दल सगळं कळावं, अशी सोय होती ती.

मुख्याध्यापक पटले सर खूश होते. इंद्रकुमार पटले, त्याच गावचे, निवृत्तीला आलेले, मनानं सरळ माणूस. अल्कानं शंका काढली तेव्हा ते हसले. म्हणाले, गाव एवढंसं, इथं कोण कोणाला ओळखत नाही? कार्डावर लिहिलं काय, नाही लिहिलं काय.

अल्काला ते पटलं नाही. त्याला कारण होतं. अल्काचं माहेर इटियाडोहच्या कालव्याखालचं. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली मुलगी. प्रवेशाच्या अर्जाला फोटो लागतो म्हणून तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन तिनं फोटो काढला होता. आईच्या लग्नातलं लुगडं नेसून, केसाला तेल लावून. स्टुडिओवाल्यानं तिच्या प्रती तिला दिल्या आणि एक जास्तीची काढून शेजारच्या गावच्या एका ओळखीच्या गड्याला दिली. तो गडी तिला माहीतसुद्धा नव्हता. त्यानं तो फोटो पाकिटात ठेवला आणि पानठेल्यावर दाखवत सुटला, की हिच्याशी माझं जमलं आहे.

बोलणं फिरत फिरत तिच्या भावापर्यंत पोचलं. भावानं त्या गड्याला काही विचारलं नाही, अल्काला विचारलं. फोटो त्याच्याजवळ गेलाच कसा?  मग काकांनी विचारलं, मामांनी विचारलं. कॉलेज बंद झालं. त्या पावसाळ्यात ती मजुरीनं रोवण्याला गेली आणि चिखलात वाकून रोपं लावताना बायका आपल्याकडे बघून बोलतात असं तिला दिवसभर वाटत राहायचं. शेवटी तिची आई देवकाबाई, जिला सही करता येत नव्हती, ती एकटी तालुक्याला गेली आणि स्टुडिओच्या दारात बसली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगत राहिली की हा माणूस लोकांच्या पोरींचे फोटो वाटतो. दुपारपर्यंत स्टुडिओवाल्यानं फोटोची निगेटिव्ह काढून तिच्या हातात दिली, आणि फोटो कोणाला दिला तेही कबूल केलं. पुढच्या वर्षी अल्का परत कॉलेजात गेली. पुढे गोंदियाला राहून डी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न झालं, संसार झाला. पण कोणी समोर मोबाइल धरला की आजही तिची मान आपोआप वळते.

आणि त्या वर्षी तिच्या वर्गात मंजू होती.

मंजू शाळा सुरू झाली तेव्हाच आली होती, बालाघाटकडून, आईबरोबर. आई रेणू, तिशीचीही नसेल. गावातली मंदाबाई ही रेणूची मावशी. मंदाबाई शाळेत पोषण आहार शिजवायची. तिच्याच घरी मायलेकी राहिल्या. पोरीचं नाव शाळेत घालायला आली तेव्हा रेणू दाराबाहेरच उभी राहिली. पटले सर जेवायला गेल्यावर ती अल्काजवळ आली.

"मॅडमजी, नाव लिवा, पन पोरीचा फोटो कुठी लावू नोका. मोबाइलवर त नाहीच."

का म्हणून अल्कानं विचारलं नाही. रेणूनं पदर जरा सरकवला तेव्हा मानेवर भाजल्याचा जुना वळ दिसला. तेवढं पुरे होतं. नंतर मंदाबाईनं बाकीचं सांगितलं. नवरा कैलाश ट्रकवर असतो. प्यायलेला नसला की गोड बोलतो आणि प्यायला की घरातली जी वस्तू हाताला लागेल ती उचलतो. रेणूनं तिकडे पोलिसात तक्रार दिली होती, कोर्टातही प्रकरण होतं, पण एका रात्री त्यानं पोरीला उचलून ट्रकमध्ये बसवलं आणि तीन जिल्हे फिरवून आणलं. त्यानंतर रेणू निघून आली. त्याला पत्ता कळला नव्हता.

ओळखपत्रांच्या वेळी अल्कानं मंजूचं कार्ड करू नका असं सांगितलं होतं. पण कार्डं वाटली त्या दिवशी मंजूच रडायला लागली. सगळ्यांना आहे, मलाच काऊन नाही? ती जेवेना. शेवटी रेणूनंच हो म्हटलं. मागाहून मंजूचंही कार्ड आलं. ठरलं असं, की कार्ड शाळेत घालायचं आणि सुटताना मॅडमच्या कपाटात ठेवायचं.

त्यानंतर अल्कानं वर्गात एक खेळ सुरू केला. ती बाहेर जायची, डोक्यावर ओढणी घेऊन परत यायची आणि अनोळखी बाई व्हायची. कधी गोड बोलायची, कधी दरडावायची, कधी चॉकलेट दाखवायची. "बेटा, तुझ्या आईनं पाठवलं मले. तुझं घर कुठी आहे?" पोरांनी काय करायचं, ते तिनं घोटून घेतलं. शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की कार्ड शर्टाच्या आत. आपलं नाव, घर, आईबापाचा नंबर अनोळखी माणसाला सांगायचा नाही. मैत्रिणीचा तर मुळीच नाही, कारण तो आपला नाहीच. कोणी फोटो काढायला लागला तर नको म्हणायचं. नको म्हणण्यात उर्मटपणा नाही. आणि काही सुचलं नाही तर एकच वाक्य: मॅडमले विचारा.

दुर्गा नावाची एक मुलगी होती वर्गात. तोंडाचा पट्टा अखंड चालू. ती दर खेळात हरायची. अनोळखी बाईनं नुसतं "काय गं" म्हटलं की दुर्गा घरातल्या बकऱ्यांची नावंसुद्धा सांगून टाकायची. पोरं हसून लोळायची. अल्का तिला पुन्हा उभी करायची.

खेळ बघता बघता खालच्या वर्गांतही पसरला. गावाला हे काही रुचलं नाही. खेड्यात वाटेनं जाणाऱ्या पोराला म्हातारी माणसं विचारणारच, कोणाचा रे तू? सरपंचांच्या म्हाताऱ्या वडिलांनी, केशोरावांनी, दुसरीतल्या एका पोराला तसं विचारलं आणि पोरगं म्हणालं, मॅडमले विचारा. म्हातारा तणतणत शाळेत आला. पोराच्या आज्याबरोबर आपण बैल चारले आणि हे आपल्याला मॅडमकडे पाठवतं? पटले सरांनी अल्काला सगळ्यांसमोर ऐकवलं. पोरांना माणूसघाणं करू नका, म्हणाले. अल्कानं केशोरावांची माफी मागितली. घरी गेल्यावर ती नवऱ्याला, विवेकला म्हणाली की आपलंच चुकतंय की काय कोण जाणे. विवेक म्हणाला, चुकत असेल, भीती खोटी ठरली, तर चांगलंच आहे, चुकू दे.

सव्वीस जानेवारीला ते मंडळ पाहुणे म्हणून आलं. भाषणं झाली, लाडू वाटले. अल्कानं मंजूला आधीच मंदाबाईकडे स्वयंपाकखोलीत बसवलं होतं. पण लेझीम सुरू झालं आणि मंजूला राहवलं नाही. ती मागच्या दारानं येऊन शेवटच्या रांगेत शिरली. अल्काचं लक्ष गेलं तेव्हा पाहुण्यांपैकी एकाचा मोबाइल वर होता.

संध्याकाळी तो फोटो फेसबुकवर आला. रांगेत शेवटी मंजू, हात वर, दात दिसेपर्यंत हसलेली, आणि छातीवर निळ्या फितीचं कार्ड. फोटो मोठा केला की शाळेचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. अल्कानं त्या गृहस्थाला फोन लावला. एक मुलगी आहे, तिला धोका आहे, फोटो काढून टाका. तो म्हणाला, मॅडम, चांगला फोटो आहे, लोकांना आवडला आहे. तिनं पुन्हा फोन केला. नंतर त्यानं उचलणं बंद केलं. पटले सरांना मध्ये घातलं तेव्हा कुठे फोटो उतरला, पण तोवर तो कोणी कोणी पाहिला, कोणी पुढे पाठवला, हे कोण सांगणार?

रेणूला अल्कानं सगळं सांगितलं.  दुसऱ्या दिवसापासून रेणू मंजूला स्वतः शाळेत सोडायला यायला लागली आणि संध्याकाळी घ्यायला.

फेब्रुवारीत उन्हाळी धानाचं रोवणं सुरू झालं. रेणू कामाला जाऊ लागली. एका दुपारी पोरं ओट्यावर जेवत होती, काही हापशावर हात धूत होती, तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. उतरलेला माणूस इस्त्रीच्या शर्टात होता. हातात बिस्किटांचे पुडे. त्यानं हापशाजवळ जाऊन पुडा फोडला आणि मोबाइल पुढे केला.

"बेटा, ये मेरी बच्ची है. मंजू. किधर बैठी है? बुला दो."

अल्का वर्गाच्या दारात होती. माणसाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, तरी तिला एका क्षणात कळलं. मंजू मंदाबाईजवळ स्वयंपाकखोलीत जेवत होती, हापशापासून हाकेच्या अंतरावर. अल्का धावली असती तर तो तिच्या मागे आला असता. ती आत वळली आणि खिडकीआडून पोलिसांचा एकशेबारा नंबर लावला. आवाज दबका ठेवून तिनं गावाचं नाव, शाळेचं नाव सांगितलं. तेवढ्या वेळात तिचं सगळं ध्यान हापशाकडे होतं.

तिथं सगळ्यात पुढे दुर्गा होती. तिला मंजू कुठं आहे ते माहीत होतं. आत्ताच तर तिनं मंजूच्या ताटातली बटाट्याची फोड उचलून खाल्ली होती. अल्काला वाटलं, आता ही बोलणार. सगळं संपलं.

दुर्गानं मोबाइलकडे पाहिलं, बिस्किटांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मॅडमले विचारा."

माणूस हसला. त्यानं दुसऱ्या पोराला विचारलं. तेही तेच म्हणालं. तिसऱ्यानंही तेच. पोरं हळूहळू मागे सरकत होती. कार्डं शाळेत शर्टाबाहेरच असायची, पण एकेका पोराचा हात छातीशी गेला आणि एकेक कार्ड शर्टाच्या आत नाहीसं झालं. तेवढ्यात पहिलीतल्या एका बारक्या पोरीनं बिस्किट घेतलं. तिचा दुसरा हात स्वयंपाकखोलीकडे उचलायला लागला. दुर्गानं तो हात धरला, हापशाखाली ओढला आणि बळेच धुवायला लागली. पोरगी ओरडली, पाणी सांडलं, बिस्किट चिखलात पडलं.

अल्का बाहेर आली. तिनं माणसाला नमस्कार केला, पालक असाल तर ऑफिसात बसा म्हणाली.  एका मुलीला तिनं हाक मारली, मंदाबाईला म्हणावं चहा ठेव, दार लावून घे, धूर इकडे येतो. मंदाबाईला तो निरोप बरोबर पोचला. स्वयंपाकखोलीची कडी आतून लागल्याचा आवाज अल्कानं ऐकला.

ऑफिसात कैलाशनं आधार कार्ड टेबलावर ठेवलं. पटले सरांनी चष्मा लावून वाचलं. मंजूच्या ओळखपत्रावर बापाचं नाव होतं तेच नाव, आणि आधारवरचा फोटो समोरच्या माणसाचाच. कैलाशच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीची आई भांडून निघून गेली, आपण गावोगाव शोधलं, फोटो दिसला तेव्हा देव भेटल्यासारखं झालं, असं तो सांगत होता. पटले सर विरघळले. त्यांनी अल्काला बाजूला घेतलं.

"मॅडम, बाप आहे तो. कागद आहेत. आपण कोण अडवणारे?"

"सर, तो बापच आहे. मी कुठं नाही म्हणते?" अल्का म्हणाली. "पण पोरगी माझ्या हातात तिच्या आईनं दिली आहे. आईला आणि पोलिसांना येऊ द्या. तोवर मी तिला देत नाही. तुम्ही लेखी सांगितलं तरी नाही."

पटले सरांना तिचा असा आवाज कधी ऐकायला मिळाला नव्हता. ते परत खुर्चीत जाऊन बसले.

पोलिस हा शब्द मात्र कैलाशच्या कानावर गेला. त्याचे डोळे कोरडे झाले. तो उठला आणि वर्ग बघायला निघाला. अल्का आडवी आली तशी त्यानं तिला खांद्यानं ढकललं. पहिल्याच खोलीत त्यानं आत येऊन बसलेल्या पोरांना उभं केलं, एकेका मुलीची हनुवटी धरून चेहरा वर करून पाहिला. मंजू कुठं, मंजू कुठं, विचारत होता. मुली तोंड मिटून उभ्या होत्या. एक जण रडायला लागली, पण तिनंही सांगितलं नाही. मग तो व्हरांड्यात येऊन मोठ्यानं हाका मारायला लागला.

"मंजू! ए चिऊ! मैं आया हूँ बेटा, बाहर आ."

स्वयंपाकखोलीचं दार बंद होतं. कैलाशनं ते हलवून पाहिलं. आतून मंदाबाई म्हणाली की भात उतरवून राहिली, गरम पेज आहे, अंगावर सांडंल. तो दाराला लाथ मारणार, एवढ्यात पटले सर पुढे आले. म्हातारे, किरकोळ अंगाचे. ते दाराला पाठ लावून उभे राहिले.  कैलाशनं त्यांच्याकडे पाहिलं, शिवी दिली, पण हात उचलला नाही.

तेवढ्यात रेणू आली. शेतावर जाऊन कोणी तरी तिला सांगितलं होतं. ती गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, हातात रोपांची जुडी तशीच. कैलाश तिला बघून हसला आणि तिच्याकडे चालू लागला. रेणू मागे सरली नाही. मागून शेतातल्या बायका येत होत्या, चिखलातल्या तशाच. त्या फाटकातून आत येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातून सरपंचांचे वडील केशोराव काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी मोटारसायकलची किल्ली काढून खिशात टाकली.

पोलिसांची गाडी आली तेव्हा कैलाश ओट्यावर बसला होता. जमादारानं दोघांचं ऐकून घेतलं. बालाघाटकडे फोन झाले. तिकडच्या कोर्टानं आधीच त्याला मायलेकींच्या जवळ जायला मनाई केली होती, हे त्यानं सांगितलं नव्हतं. पोलिस त्याला घेऊन गेले. अल्काचा जबाब झाला. मग ती वर्गात गेली आणि खुर्चीत बसली.  दुर्गा जवळ येऊन उभी राहिली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. रेणूनं बोचकं बांधलं होतं, रायपूरला कोणाकडे तरी जायचं म्हणत होती. मंदाबाई आणि रोवण्यातल्या बायका रोज तिच्याजवळ येऊन बसायच्या. कुठंवर पळशील, इथं निदान आम्ही आहोत, असं त्यांचं म्हणणं. रेणू आज जाते, उद्या जाते म्हणत राहिली आणि गेली नाही. पटले सरांनी सगळी कार्डं गोळा केली. नवीन कार्डांवर पोराचं नाव, शाळेचं नाव आणि शाळेचाच फोन नंबर, एवढंच राहिलं. ते स्वतः केशोरावांच्या घरी जाऊन बसले आणि मॅडमचं बरोबर होतं असं सांगून आले.

मंजू मात्र अबोल झाली. एका दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर ती अल्काच्या टेबलाशी आली.

"मॅडम, बाबानं मले चिऊ म्हटलं ना?"

"हो."

"मले बाहेर याचं होतं. मंदा आजीनं तोंड दाबून धरलं होतं माहं."

 पोरांना तिनं इतकं शिकवलं होतं, अनोळखी माणसाशी कसं वागायचं ते. ओळखीच्याच माणसाची भीती असेल आणि त्याचीच आठवणही येत असेल तर काय करायचं, हे तिनं शिकवलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. तिनं मंजूला जवळ घेतलं. बाबाला भेटावंसं वाटण्यात तुझं काही चुकलं नाही, म्हणाली. फक्त आई आणि मोठी माणसं सोबत असतील तेव्हाच भेटायचं.

पुढे कोर्टानं तशी परवानगी दिली. गोंदियाला, एका कार्यालयात, समुपदेशक बाईंच्या समोर बापानं पोरीला भेटायचं. भेटीच्या पहिल्या तारखेला कैलाशसमोर बसायची रेणूची हिंमत झाली नाही, म्हणून अल्का रजा टाकून मंजूला घेऊन गेली. कैलाश आला होता. त्यानं मंजूसाठी फ्रॉक आणला होता, तो तिला आखूड झाला. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून शाळेबद्दल थोडंसं बोलली. जाताना त्यानं मोबाइल काढला, एक फोटो घेऊ का म्हणून. अल्का काही बोलणार होती, पण तिनं स्वतःला आवरलं. मंजूनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज नोको."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

दुसऱ्या तारखेला तो आला नाही. मंजू बाकावर पाय हलवत बसून राहिली, कार्यालय बंद व्हायची वेळ होईपर्यंत. मग अल्कानं तिला स्टँडवर उसाचा रस पाजला आणि दोघी तिरोड्याच्या गाडीत बसल्या. मंजू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गाव येईपर्यंत अल्कानं तिला उठवलं नाही.